कोळशाच्या मिळकतीचे वारस कोण?

कोळसा उगाळावा तितका काळाच, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण ज्या प्रदेशाने आपल्या पोटातला कोळसा उपसून एकेकाळी अर्ध्या जगाच्या आगबोटी चालविल्या, त्या प्रदेशाच्या हाती अखेर काय राहिले हे पाहू गेल्यास त्या म्हणीचा एक निराळाच अर्थ प्रत्ययास येतो. सन 2024 च्या सप्टेंबरच्या 30 तारखेस विलायतेत दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या. कोळशावर वीज उत्पन्न करणारे त्या देशातील शेवटचे केंद्र, रॅटक्लिफ येथील, त्या दिवशी बंद झाले. आणि दक्षिण वेल्समधील पोर्ट टॅलबट येथे लोखंड गाळणारी शेवटची झोतभट्टीही त्याच दिवशी निवली. ही भट्टी दुसऱ्या कोणाची नसून आपल्या टाटांच्या कंपनीची होती, ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांच्या ध्यानात असेलच. ज्या राष्ट्राने कोळशाच्या जोरावर साम्राज्य उभारले आणि आम्हांस त्या साम्राज्याचे प्रजाजन केले, त्याच राष्ट्राने कोळशास असा निरोप दिला. त्यात हर्ष मानावा की विषाद, हा प्रश्न आम्ही तूर्त बाजूस ठेवितो. ज्या खोऱ्यांतून तो कोळसा निघाला त्या खोऱ्यांतील लोकांचे काय झाले, हा प्रश्न आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. कारण तोच प्रश्न उद्या आमच्या दारी येणार आहे.

वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेस लागून असलेला डोंगराळ प्रांत. तेथील लोकांची भाषा निराळी, परंपरा निराळ्या; इंग्लंडच्या राजांनी तो तेराव्या शतकात जिंकून घेतला. त्याच्या दक्षिण भागात, समुद्रापासून थोड्याच अंतरावर, अरुंद खोऱ्यांखाली कोळशाचे थर पसरलेले आहेत. पश्चिमेकडे कठीण व चकाकणारा अँथ्रासाइट, मध्यभागी धूर जवळजवळ न करणारा आणि आच मात्र प्रखर देणारा वाफेचा कोळसा, व इतरत्र घरगुती चुलीस उपयोगी पडणारा मऊ कोळसा, असे त्याचे मुख्य प्रकार. यांपैकी मधल्या कोळशाने या प्रांताचे दैव पालटले. 1830 च्या सुमारास मर्थर टिडव्हिलजवळच्या एका लहानशा खाणीतून रॉबर्ट टॉमस व त्याच्या पश्चात त्याची विधवा लूसी टॉमस यांनी हा कोळसा लंडनच्या बाजारी पाठविला. 1839 साली ब्यूटच्या उमरावाने कार्डिफ येथे गोदी बांधली, 1841 साली मर्थरपासून कार्डिफपर्यंत आगगाडी आली, आणि 1855 साली रोंडा खोऱ्यातून वाफेच्या कोळशाची पहिली गाडी बंदरावर येऊन ठेपली. ज्या रोंडात 1851 च्या शिरगणतीच्या वेळी हजारभर माणसेही नव्हती, तेथे 1911 साली दीड लाखांवर वस्ती झाली. मेंढ्या चारण्याच्या डोंगरउतारावर एकास एक चिकटलेल्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. कार्डिफमधील कोळशाच्या बाजारात जो भाव ठरे, त्याकडे पृथ्वीवरील बंदरांचे डोळे लागलेले असत.

या भाग्योदयाचा मुंबईशीही संबंध होता. आमच्या देशातील कोळसा आगगाडीने मुंबईस विपुल येऊ लागण्यापूर्वी येथील गिरण्यांत विलायती कोळसा जळत असे. आणि सुएझचा कालवा 1869 साली खुला झाल्यावर मुंबईकडे येणाऱ्या आगबोटींसाठी वाटेवरच्या बंदरांत वेल्सच्या कोळशाचे ढीग रचून ठेवलेले असत. इंग्रजी आरमारास तर दुसरा कोळसा रुचेना. कारण धूर न करणारे जहाज शत्रूच्या दृष्टीस लवकर पडत नाही. 1913 साली या एका प्रांताने 5 कोटी 68 लाख टन कोळसा काढला. साऱ्या ब्रिटनच्या उत्पन्नाचा हा पाचवा हिस्सा होय. त्यांपैकी सुमारे निम्मा परदेशी गेला. खाणींत काम करणारे लोक होते सुमारे 2 लाख 30 हजार. त्या वर्षी कार्डिफच्या दलालांस जर कोणी सांगितले असते की, हा तुमच्या भाग्याचा माध्यान्ह आहे आणि येथून पुढे उतरती छाया, तर त्यांनी त्यास वेड्यात काढिले असते.

आता या धनाची वाटणी कशी झाली ते पाहू. इंग्रजी कायद्याप्रमाणे जमिनीच्या मालकाचा हक्क नुसत्या पृष्ठभागावर नसून सोन्यारुप्याखेरीज त्याखालच्या बहुतेक खनिजावरही असे. त्यामुळे ब्यूटसारखे उमराव खाणीत पाऊलही न टाकता, भांडवलाचा धोका न पत्करता, निघणाऱ्या प्रत्येक टनामागे स्वामित्वधन घेत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच! त्या पैशातून कार्डिफच्या जुन्या किल्ल्यात सोनेरी नक्षीचे महाल सजले. खाणीच्या मालकांचा नफा त्याहून निराळा. आणि जे खाली उतरत त्यांची मजुरी 1875 पासून 1902 पर्यंत कोळशाच्या बाजारभावाबरोबर वरखाली होई; म्हणजे भावाच्या चढउताराचा धोका व्यापाऱ्याच्या शिरावरून उतरून मजुराच्या ताटात येऊन पडे. 1919 साली न्यायमूर्ती सँकी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीमंडळ बसले, तेव्हा मजुरांच्या प्रतिनिधींनी या उमरावांस साक्षीला बोलावून त्यांच्या मालकीचा आधार विचारिला. खनिज राष्ट्राच्या मालकीचे व्हावे असे मत पडले. पण सरकारने ते तेव्हा मानिले नाही. पुढे 1938 च्या कायद्याने ते हक्क राष्ट्राने घेतले, आणि त्याबद्दल हक्कदारांस 6 कोटी 64 लाख 50 हजार पौंड मोबदला दिला. 1947 साली खाणीही राष्ट्राच्या झाल्या. तेव्हा मालकांसही 16 कोटींहून अधिक पौंड मिळाले. आम्ही कायद्याचे विद्यार्थी आहो. कायद्याने दिलेल्या हक्काचा मोबदला देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यांची फुप्फुसे कोळशाच्या धुळीने भरून गेली, त्यांच्या त्या रोगास नुकसानभरपाईस पात्र ठरविण्यास त्याच कायद्याला 1943 साल उजाडावे लागले, ही गोष्ट त्या मोबदल्याशेजारी ठेवून पाहावी एवढेच आमचे म्हणणे.

मनुष्याच्या जिवाची किंमत कायदा काय करितो याचे एक उदाहरण सेंगेनिद या गावी घडले. 1913 च्या ऑक्टोबरच्या 14 तारखेस, म्हणजे त्याच भरभराटीच्या वर्षी, तेथील खाणीत स्फोट होऊन 439 खाणकामगार मृत्यू पावले. त्याच खाणीत 1901 साली 81 जण मेले होते. खाणीतील हवेचा प्रवाह तत्काळ उलटा फिरविता यावा अशी तजवीज करण्याची सक्ती 1911 च्या कायद्याने केली होती; ती तजवीज तेथे झालेली नव्हती. खटला झाला. व्यवस्थापकास एकंदर 24 पौंड दंड झाला. कंपनीस अपिलानंतर 10 पौंड. चोवीस पौंड आणि 439 प्रेते यांचा भागाकार आमच्या वाचकांनी स्वतः करून पाहावा. माणशी शिलिंगभराहून फारसे अधिक काही येत नाही. एका वखारीत मापात पाप केल्याबद्दलही याहून मोठा दंड झाला असता!

मग हे वैभव ओसरले कसे? कोळसा संपला म्हणून ते ओसरले नाही, हे व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. गिऱ्हाईक गेले. ज्या आरमाराच्या जोरावर वेल्सचा कोळसा मिरवत होता, त्याच आरमाराने पहिल्या महायुद्धाच्या आधीच नव्या जहाजांसाठी तेलाची निवड केली आणि 1914 साली इंग्रज सरकारने इराणी तेलाच्या कंपनीत भाग विकत घेतले. युद्धानंतर जर्मनीने खंडणीदाखल दिलेला कोळसा फ्रान्स व इटलीच्या बाजारात आला. 1925 साली चर्चिलसाहेबांनी पौंडाची सांगड पुन्हा सोन्याशी, आणि तीही युद्धापूर्वीच्या भावाने, घातली. त्यायोगे परदेशी गिऱ्हाइकास इंग्रजी कोळसा महाग झाला. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने त्याच वर्षी या कृत्याविरुद्ध पुस्तिका लिहून इशारा दिला होता. मालकांनी तूट भरून काढण्याचा मार्ग शोधिला तो मजुरी कमी करण्याचा व तास वाढविण्याचा. 1926 च्या मे महिन्यात खाणींचे दरवाजे मजुरांस बंद झाले. इतर धंद्यांतील मजुरांनी नऊ दिवस त्यांस साथ दिली. पुढे सात महिने ते एकटेच झगडले आणि उपासमारीने हरले.

त्यानंतरची दहाबारा वर्षे दक्षिण वेल्सच्या इतिहासात अत्यंत दुःखाची आहेत. 1932 च्या सुमारास तेथील विमा उतरविलेल्या पुरुष कामगारांपैकी तिघांमागे एकाहून अधिक बेकार होते. काही गावांत अर्ध्याहून अधिक. बेकारीचा भत्ता देताना सरकारी अंमलदार घरात येऊन मिळकतीची चौकशी करी. मुलगा मिळवता असला की बापाचा भत्ता कमी, त्यामुळे कुटुंबे फुटली. दोन महायुद्धांच्या दरम्यान चार लाखांहून अधिक माणसे वेल्स सोडून गेली. ती बहुधा तरुण व कर्ती माणसे होती. मागे राहिली ती वृद्ध, रोगी आणि दुकानांची बंद दारे. खाणीवर अवलंबून केवळ खाणकामगार नसतो, हे येथे उघड झाले. वाणी, शिंपी, चांभार, छापखानेवाला, डॉक्टर, वकील, सर्वांचे पोट त्या एकाच चाकाशी बांधलेले होते. सरकारने 1934 साली अशा भागांच्या साहाय्याचा कायदा केला, ट्रेफॉरेस्ट येथे नवीन कारखान्यांची वसाहत उभारली. पण हे सारे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे झाले.

1947 साली खाणी राष्ट्राच्या झाल्या तेव्हा लोकांनी निशाणे उभारून आनंद केला. तो आनंद खोटा नव्हता. सुरक्षितता व मजुरी यांत सुधारणा झाली. परंतु मालक बदलला म्हणजे मालकीचा स्वभाव बदलतोच असे नाही. 1966 च्या ऑक्टोबरच्या 21 तारखेस अ‍ॅबरव्हान येथे झऱ्यावर रचलेला खाणीच्या कचऱ्याचा डोंगर पावसाने भिजून खाली घसरला आणि प्राथमिक शाळेवर येऊन कोसळला. 144 जीव गेले. त्यांपैकी 116 मुले. धोक्याची सूचना गावकऱ्यांनी आधीच दिली होती. न्यायालयीन चौकशीने दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेविला; पण एकाही अधिकाऱ्यावर खटला झाला नाही. मंडळाने प्रत्येक मुलामागे पाचशे पौंड दिले. आणि उरलेले डोंगर हलविण्याच्या खर्चासाठी सरकारने, जगभरच्या लोकांनी त्या अनाथ झालेल्या गावासाठी पाठविलेल्या निधीतून, दीड लाख पौंड घेतले! ती रक्कम परत मिळण्यास 1997 साल उजाडले, तीही बिनव्याजी. सरकारी मालकी हाच सर्व रोगांवर उतारा आहे असे मानणाऱ्या आमच्या मित्रांनी हा दाखला विसरू नये.

पुढे तेल स्वस्त झाले आणि खाणी एकामागून एक बंद होत गेल्या. हे दोन्ही राजकीय पक्षांच्या अमदानीत घडले. 1984 च्या मार्चपासून 1985 च्या मार्चपर्यंत खाणकामगारांनी बंदीच्या धोरणाविरुद्ध संप केला. दक्षिण वेल्समध्ये त्यांची एकी अखेरपर्यंत विशेष दृढ राहिली. तरी संप फसला. रोंडातील शेवटची खाण, मार्डी, 1990 साली मिटली. आणि 1994 च्या एप्रिलात टॉवर ही खाणही बंद झाली, तेव्हा त्या प्रांतात सरकारी मंडळाची एकही खोल खाण उरली नाही.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, धंदे जन्मतात तसे मरतातही. हातमाग गेला, घोडागाडी गेली, तसा कोळसा गेला. त्यात शोक कसला? शिवाय कोळशाच्या धुराने हवेची जी हानी होते ती पाहता तो गेला हे बरेच झाले. आम्ही हे दोन्ही मान्य करितो. कोळशाचा धंदा मेला म्हणून आम्ही दोष देत नाही; तो मरणार हे ठाऊक असता मागच्यांची तरतूद केली नाही, हा दोष आहे. कोणत्याही पेढीवरील कारकुनास विचारा: मुद्दल विकून आलेला पैसा व्याज म्हणून खर्ची घातला तर त्या पेढीची अखेर काय होईल? खाणीचे उत्पन्न हे पिकासारखे उत्पन्न नव्हे. शेतातले पीक पुढल्या वर्षी पुन्हा येते. कोळशाचा टन एकदा निघाला की ती जागा कायमची रिकामी. म्हणून प्रत्येक टनाच्या किमतीत मुद्दलाचा एक अंश असतो, आणि तो त्या भूमीच्या पुढल्या पिढीचा असतो. दक्षिण वेल्समध्ये तो अंश उमरावांनी, मालकांनी आणि लंडनच्या खजिन्याने शंभर वर्षे खाल्ला. 1913 साली त्यातला दशांश जरी त्या खोऱ्यांच्या नावे बाजूस काढून ठेविला असता, तरी 1932 साली बापाच्या भत्त्यासाठी मुलास घर सोडावे लागले नसते.

यास अपवाद एकच, आणि तो फार बोधप्रद आहे. जे काही टिकले ते मजुरांनी आपल्या मजुरीतून बाजूस काढलेल्या पैशांतून. त्यांनी पैनपै जमवून गावोगावी वाचनालये व सभागृहे बांधिली. तेथे बसून खाणीतली पोरे अर्थशास्त्र वाचीत. ट्रेडीगर गावी वर्गणीतून औषधोपचाराची संस्था चालली होती. त्याच गावी 1897 साली जन्मलेला आणि तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला अनायरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला, आणि 1948 च्या जुलैच्या 5 तारखेस त्याने सर्व राष्ट्रास मोफत वैद्यकीय मदत देणारी व्यवस्था सुरू केली. खाणी गेल्या, ती व्यवस्था आजही चालू आहे. तसेच टॉवर खाणीचे. सरकारने ती आतबट्ट्याची ठरवून मिटली, तेव्हा 239 कामगारांनी नोकरी गेल्याबद्दल मिळालेल्या भरपाईच्या रकमेतून दरडोई आठ हजार पौंड घातले, खाण विकत घेतली, 1995 च्या जानेवारीत पुन्हा चालू केली आणि 2008 पर्यंत चालविली. ज्यांस हिशेब कळत नाही म्हणून हाकलले, त्यांनी तेरा वर्षे हिशेब जुळवून दाखविला.

आता आपल्या घराकडे वळू. चांदा जिल्ह्यात वरोरा येथे सरकारने 1871 च्या सुमारास कोळशाची खाण सुरू केली. ती 1906 साली बंद झाली. त्याच वरोऱ्याचा कोळसा जमशेटजी टाटांनी चांद्याचे लोखंड गाळण्याच्या उमेदीने जर्मनीत तपासून घेतला होता. तो त्या कामी निरुपयोगी ठरला आणि तो कारखाना चांद्यास निघाला नाही. त्यांच्याच नावाच्या कंपनीने सव्वाशे वर्षांनी वेल्सच्या भट्ट्या घ्याव्या आणि 2024 साली त्या निववाव्या, हा दैवाचा खेळ विलक्षण होय. आज चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या जिल्ह्यांत वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी चालू आहेत. 1973 च्या कायद्याने खाणी राष्ट्राच्या झाल्यामुळे ब्यूटसारखे उमराव आमच्याकडे नाहीत, ही मोठी गोष्ट. 2024-25 या वर्षी आपल्या देशाने 100 कोटी टनांहून अधिक कोळसा काढला. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण कार्डिफच्या दलालांचे 1913 साल विसरू नये. सूर्याच्या विजेचा भाव उतरत आहे. आमचेही गिऱ्हाईक एक दिवस जाणार, याविषयी शहाण्या व्यापाऱ्यास शंका नसावी.

सुदैवाने आमच्या हाती जे साधन आहे ते वेल्सच्या हाती नव्हते. 2015 च्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले आहे. 2015 च्या जानेवारीच्या 12 तारखेपूर्वीच्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या 30 टक्क्यांइतकी आणखी रक्कम त्यात जमा व्हावयाची असते. कायदा चांगला आहे. पण कायदा म्हणजे कुलूप, किल्ली लोकांच्या हाती हवी. आमच्या मागण्या चार आहेत. या निधीचा जमाखर्च दर वर्षी मराठीत छापून खाणीच्या गावांतील ग्रामसभांपुढे ठेवावा. त्यातील ठरीव भाग रस्ते-इमारतींत न उधळता, खाणी मिटल्यानंतरच्या दिवसांसाठी मुद्दल म्हणून राखून ठेवावा. गावांलगत रचलेल्या मातीच्या डोंगरांची तपासणी खाणीच्या अधिकाऱ्यांखेरीज इतरांकडून व्हावी. आणि ठेकेदाराच्या हाताखालच्या मजुराच्या छातीची तपासणी कायम नोकराइतक्याच काळजीने व्हावी. धूळ हजेरीपट पाहून फुप्फुसात शिरत नाही.

नागपूर, चंद्रपूर, वणी येथील व्यापारी मंडळींस आमची विशेष विनंती आहे. हा प्रश्न मजुरांचा, आपला नव्हे, असे समजू नका. रोंडातल्या वाण्यांनीही तसेच समजून घेतले होते, आणि 1926 नंतर त्यांच्या वह्यांतली उधारी वहीतच राहिली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. वेल्सला ठेच लागली ती साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत. तेव्हा जिल्ह्याचा खनिज निधी कोठे गेला, हे विचारण्यास येत्या ग्रामसभेपासून आरंभ करावा.